कॅरिबूचं ओझं

मी आयुष्यात एकदाच शिकारीचं प्लॅनिंग केलं, आणि ते इतकं चोख केलं की आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

तेव्हा आम्ही मिनेसोटात ईडन प्रेरीला राहत होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होतो; नागपूरहून शिकून आलेला, चाळिशी गाठलेला, दोन मुलांचा बाप. बंदूक कधी हातात धरली नव्हती. महिन्यातून एका रविवारी आमच्यासारखी पाच-सहा बौद्ध कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायची. वंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं, आणि त्यातलं पहिलंच शील प्राण्यांची हत्या न करण्याचं. ते म्हणून झालं की आम्ही सगळे चिकनवर आडवा हात मारायचो, ही गोष्ट वेगळी. कोंबडी दुकानातून पिशवीत बंद होऊन येते, तिच्यामागे आपण धावत नाही, एवढी सवलत आम्ही आमच्या मनाला देऊन टाकली होती.

शिकारीला जायचं होतं माझ्या मित्राला. तो आमच्या कारखान्यातला टूलमेकर, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणारा कारागीर, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. मी नवा होतो तेव्हा माझी ड्रॉइंग्ज कागदावर देखणी आणि मशीनवर निरुपयोगी असायची. बाकीचे लोक वर शेरा मारून ती परत पाठवायचे. हा एकटा ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "चल, हे का जमणार नाही ते दाखवतो." त्याच्या मशीनशेजारी उभं राहून मी जे शिकलो ते मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी थंडीनं बंद पडली, तर तीन आठवडे तो रोज वाकडी वाट करून मला घरून घेऊन जायचा. त्याची बायको वारली होती आणि दोन्ही मुली लांब कॅलिफोर्नियात होत्या. माझी मुलं त्याला शिकारी काका म्हणायची, कारण त्याच्या बैठकीच्या खोलीत हरणांची तीन डोकी टांगलेली होती आणि त्यांपैकी एकाच्या शिंगांवर तो टोपी अडकवायचा.

हरणं खूप झाली होती त्याची. राहिला होता कॅरिबू. कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या डोंगरात हिंडणारं, आपल्या सांबरापेक्षा जरा बोजड अंगाचं जनावर. जेवताना मी हे घरी सांगितलं तर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेतलं ज्ञान पाजळलं, "डॅड, दॅट्स अ रेनडिअर! ही इज गोइंग टु शूट सांताज रेनडिअर?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्या. आता यू एक्सप्लेन."

तरुणपणी त्यानं बरीच वर्षं ओतकाम करणाऱ्या कारखान्यात काढली होती आणि तिथल्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती. त्या वसंतात डॉक्टरनं त्याला सरळ सांगितलं, डोंगर चढायचा असेल तर या वर्षी चढून घे, पुढच्या वर्षी विसर. हे त्यानं मला लंचला सांगितलं, सँडविचचा कागद नीट घडी घालत. "राहू दे," म्हणाला. "तिकडे बाहेरच्या माणसाला गाइड घेतल्याशिवाय शिकार करता येत नाही, आणि गाइड मला परवडत नाही. नाही म्हणजे नाही."

मी म्हणालो, "मला बघू दे."

मला कोणी नाही म्हणून दाखवलं की माझ्या अंगात संचारतं. मिनिॲपोलिसला शिकारी आणि मासेमारीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं, तिथून मी पिशवीभर माहितीपत्रकं आणली. अकरा गाइडांना पत्रं लिहिली. स्थळाची चौकशी करावी तशी प्रत्येकाची चौकशी केली. गाइड लोक खूश झालेल्या गिऱ्हाइकांचे नंबर देतात, ज्यांच्या भिंतीवर शिंगं लागलेली असतात. मी पत्रात लिहायचो की जे रिकाम्या हातानं परतले त्यांचे नंबर द्या. आठ जणांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी नंबर द्यायचं टाळलं. एकानं नंबर दिला, आणि त्या रिकाम्या हातानं परतलेल्या माणसानं मला फोनवर पाऊण तास सांगितलं की शिकार मिळाली नाही पण माणूस खरा आहे. तोच गाइड मी नक्की केला.

तरीही तो महागच होता. मग मी त्याच्या पत्रकातल्या एकेका कलमाच्या मागे लागलो. दोघं मिळून एक गाइड घेतला तर माणशी खर्च बराच उतरत होता. दुसऱ्यानं बंदूक चालवलीच पाहिजे अशी अट नव्हती. तो दुसरा मी व्हायचं ठरवलं. विमानाऐवजी आपल्या गाडीनं गेलो तर आणखी उतरत होता. शेवटचा मोठा खर्च घोड्यांचा होता. तिथला कायदा असा की मारलेल्या जनावराचं मांस डोंगरावर टाकून यायचं नाही, खाली आणलंच पाहिजे. त्यासाठी गाइड घोडे आणि एक जास्तीचा माणूस ठेवायचा. मी लिहिलं: घोडे नकोत, माणूस नको, मांस आम्ही स्वतः पाठीवरून उतरवू. त्याचं उत्तर आलं, चालेल. आकडा जमला.

मित्राला मी ते पत्र दाखवलं. बाहेर जाऊन त्यानं नाक शिंकरलं आणि परत येऊन म्हणाला, "तू वेडा आहेस." त्या दिवशी मी जितका खूश होतो तितका प्रमोशन मिळालं तेव्हाही नव्हतो.

मग मी कामांचा तक्ता केला. आलेखाच्या कागदावर, पट्टीनं रेघा मारून. डाव्या बाजूला काम, उजव्या बाजूला नाव. बंदूक आणि नेम: तो. गाडी चालवणं: दोघं आळीपाळीनं. स्वयंपाक: मी, कारण तो अंडी सोडून काही शिजवत नसे. मांस वाहून आणणं: मी. त्यानं तक्त्यावर नजर फिरवली, "बरोबर आहे, तू तरुण आहेस," म्हणाला आणि बुटांच्या विषयाकडे वळला.

मिनेसोटात चढायला डोंगर नाही. सवय व्हावी म्हणून मी एक ॲल्युमिनिअमची पाठीवरची चौकट विकत घेतली, तिच्यावर वॉटर सॉफ्टनरच्या, म्हणजे जड पाणी मऊ करायच्या यंत्राच्या, मिठाची चाळीस पौंडांची पिशवी बांधली आणि घरामागच्या डेकच्या, म्हणजे लाकडी ओट्याच्या, पायऱ्या चढ-उतर करायला लागलो. रोज संध्याकाळी साठ वेळा. एका आठवड्यानंतर दोन पिशव्या.

त्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. नागपूरजवळच्या खेड्यात सून म्हणून आयुष्य घालवलेली बाई. इथल्या गुळगुळीत रस्त्यांना नावं ठेवायला तिला काही मिळेना म्हणून दुधाला ठेवायची. ती डेकवर उन्हाला बसली होती. दोन पिशव्या पाठीवर घेऊन मी वर-खाली करतो आहे हे तिनं चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलं, "काय करून राहिला रे हे?"

मी धापा टाकत उत्साहानं सांगितलं. मित्र, त्याची फुप्फुसं, डोंगर, आणि मी घोडे वाचवून किती स्वस्तात हे जमवलं ते.

"म्हणजे तू मेलेलं जनावर पाठीवर आणणार?"

"मेलेलं नाही गं, मारलेलं. ताजं असतं. पार्ट्स करून आणतात."

ती उठली आणि आत गेली. त्या संध्याकाळी जेवली नाही. मला वाटलं, शीलाचं मनाला लावून घेतलंय, आणि मी चिडलो. बायकोला म्हणालो, "चिकन खाताना हिला प्रॉब्लेम नसतो." बायको म्हणाली, "अहो, मला नाही वाटत इट इज अबाउट दॅट. त्यांच्याजवळ जाऊन बसा."

जाऊन बसलो. ती जे बोलली ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. माहीत असणं आणि तिच्या तोंडून ऐकणं यांत मात्र फरक होता. आमच्या गावात ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर नेणं आमच्या घरांवर होतं. माझा आजोबा ते करायचा. पाऊस असो, ताप असो, हाक आली की जायचं. "मी नवी नवरी होती," आई म्हणाली. "तो घरी यायचा तं मी नाकाले पदर लावून लांबूनच पाणी द्यायची. वास जात नव्हता त्याचा." मग एका वर्षी आमच्या माणसांची सभा झाली, आणि आजोबानं गावाला सांगितलं की यापुढे हे काम होणार नाही. गावानं विहीर बंद केली, पिठाची गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. सात महिने. आई जात्यावर दळायची आणि दोन कोस लांबून पाणी आणायची. आजोबा वाकला नाही. माझे वडील शिकले ते त्यानंतर.

"मारणं तो पाहील त्याचं," आई म्हणाली. "मले हे सांग, वाहून आणायचं काम तुले त्यानं सांगितलं?"

"नाही."

"मग कोणं सांगितलं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

मी तिथे बसल्या बसल्या शरमेनं गरम झालो. त्या तक्त्यात बारा कामं होती. बंदुकीपुढे माझं नाव नव्हतं ते ठीक. पण ओझ्यापुढे नाव लिहिताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो. समोरचा मागत नसताना सगळ्यांत खालचं काम आधी आपल्याकडे ओढून घ्यायचं, म्हणजे त्याला आपण आवडतो, ही खोड मला ऑफिसात होती, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत होती. सगळे गप्पा मारत असताना खुर्च्या कोण लावायचं? मी. ते मी चांगुलपणा समजत होतो. मला आजोबाची लाज कधी वाटली नव्हती, त्या दिवशी मात्र स्वतःची वाटली.

आईनं शेवटी निकाल दिला. "जा. दोस्त आहे, त्याले एकटं पाडू नको. पण ते पाठीवर घेतलं तं माझ्याशी बोलू नको." मी कबूल केलं.

शनिवारी सकाळी मित्राच्या गॅरेजमध्ये गेलो. तो प्रवासातला स्टोव्ह पुसत होता. दहा वर्षांत कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं. त्याला सुरुवातीला काही कळेना. "पण मांस वाहून आणणं यात कमीपणा काय? सगळेच आणतात. माझ्या बापानं आणलं, मी आणलं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे तुमच्या घराण्याचा तो धंदा होता?"

"धंदा नव्हता," मी म्हणालो. "धंदा सोडला तर कोणी विहीर बंद करत नाही."

त्यानं स्टोव्ह खाली ठेवला. तक्ता मागितला. खिशातली पेन्सिल काढून माझं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. मी म्हणालो, तुझ्यानं होणार नाही, डॉक्टर काय म्हणाला ते आठव. तो म्हणाला, "डॉक्टर बरोबर येत नाहीये." मग म्हणाला, तुला यायचं नसेल तर नको येऊस, मी समजून घेईन. पण मी नाही म्हटलं असतं तर दोघांमागचा स्वस्त दर हातचा गेला असता आणि ही शिकार तिथेच संपली असती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी येतो म्हणालो. त्याच दिवशी गाइडला लिहिलं की घोडे पाहिजेत, वाटेल ते करू. उत्तर आलं, त्या तारखांना घोडे दुसरीकडे दिले आहेत. मी स्वतःच नको म्हणून कळवलं होतं ना.

सप्टेंबरात गेलो. चार दिवस गाडी, मग तळ्यावर उतरणारं छोटं विमान, मग पायी. डोंगरातल्या पाचव्या दिवशी सकाळी त्याला कॅरिबू दिसला. पांढऱ्या मानेचा, खाली मान घालून शांतपणे चरत असलेला. मी मागे दगडाआड बसलो होतो. मला मनापासून वाटलं की नेम चुकावा. चुकला नाही. मित्र जनावराजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ तसाच राहिला. त्याचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता, आणि मला मात्र त्या जनावराकडे बघवत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

गाइडनं झटपट मांस सोडवलं, कापडी पिशव्यांत भरलं. त्याला पश्चिमेकडचं आभाळ आवडत नव्हतं. दुपारनंतर बर्फ येईल म्हणाला. मोठं ओझं घेऊन तो पुढे निघाला, बर्फाआधी जमलं तर परत येतो म्हणाला. मित्रानं आपली चौकट पाठीवर घेतली. मी मोजत होतो, न मोजता राहवेना. एकतीस पावलं चालला आणि खडकावर बसला. ओठ निळे पडले होते. मी त्याच्यापासून दहा हातांवर उभा होतो, पाठीवर फक्त भांडी आणि तंबू.

त्यानं माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पाहिलं नाही. त्यानं चौकट सोडली, पिशव्या उघडल्या आणि ओझ्याचे दोन भाग केले. एक उचलून पाहिला. तो खाली ठेवला आणि त्याचेही दोन भाग करायला लागला. असं करत तो रात्रीपर्यंत फेऱ्या मारणार होता, मला एका शब्दानं न विचारता.

मी माझं सामान उतरवून त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळ्या पिशव्या पुन्हा एकत्र बांधून पाठीवर घेतल्या. तो "नको, नको" म्हणत होता. मी त्याच्यावर ओरडलो, मराठीत. खाली तळ्यापर्यंत साडेतीन तास लागले. मला कोणी हुकूम केलेला नाही, हे मी वाटेत स्वतःला कितीदा तरी बजावलं. खोड म्हणून उचललं की माणूस म्हणून, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी मी आईसमोर गेलो. म्हणालो, "आई, मी उचललं. त्याच्यानं होत नव्हतं, आणि तो मागतही नव्हता." तिनं ऐकून घेतलं आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. म्हटल्याप्रमाणे ती माझ्याशी बोलली नाही. एक दिवस, दोन दिवस. मुलांना म्हणायची, बापाले सांग जेवायले वाढलं. मुलगी इमानेइतबारे येऊन सांगायची, "डॅड, आजी सेज डिनर."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच किचनमध्ये होतो. ती आली, चहा केला, एक कप माझ्यापुढे ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"जड होतं का रे?"

"हो," मी म्हणालो. "खूप जड होतं."

तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाली, "तुह्या आज्याले हे कधी कोणी विचारलं नाही. त्याच घरात राहून मीबी नाही विचारलं."